बिजली विकायची नाही

सकाळी बरोबर सव्वासहा वाजता बिजली आमच्या अंगणात टेम्पोतून उतरली आणि तिथून सगळं सुरू झालं. बिजली म्हणजे बकरी. बार्शीटाकळीच्या नणंदबाईंनी धाडलेली. तसे किस्से आमच्याकडे आधीही होतेच. मोर्शीच्या अलीकडे संत्र्याच्या बगीच्यात आमचं घर. माणसं चार, आणि जनावरं मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. अशा घरात किस्से म्हणजे अंगणातला पाचोळा. सकाळी झाडून काढा, दुपारी पुन्हा आहेच.

चार माणसांत चौथी माझी रिद्धी. दीड वर्षाची झाली तरी पाऊल टाकत नव्हती. बरोबरीची पोरं गावभर पळत होती आणि ही चटईवर बसून अंगणावर राज्य करत होती. मोर्शीच्या डॉक्टरीणबाईंनी पाय तपासले. म्हणाल्या, "पाय छान आहेत, वाट पाहा." तेवढंच मला जमत नाही. मी रोज तेल चोळायची, धरून उभी करायची. ती मटकन खाली बसायची. पांगुळगाडा आणला, तर त्याच्या दांड्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

"चालन तं चालन," सासूबाई म्हणायच्या. "तुले काय तिले नोकरीवर धाडायचं आहे?"

*

आमचा कुत्रा टायगर. पोस्टमनसुद्धा फाटकाबाहेरूनच हाक मारतो, इतका त्याचा धाक. ओसरीवर त्याचं एक पोतं आहे, त्यावर दुसऱ्या कोणी पाय ठेवायचा नाही.

बिजली टेम्पोतून उतरली, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ त्या पोत्यावर जाऊन बसली. टायगर भुंकला, गुरगुरला, तिच्याभोवती फेऱ्या घातल्या. ती रवंथ करत राहिली. शेवटी तो तिच्या पायाशी, गार फरशीवर, गुपचूप पडला.

सासूबाईंनी आपल्या लेकाकडे पाहिलं. "पाह्यलं का? लग्न झालं का असंच होते."

*

चंद्री म्हैस पाठीवर कोंबडा बसल्याशिवाय पान्हा सोडत नाही. ही खोड तिला कशी लागली देव जाणे.

एकदा कोंबडा कुठं गेला सापडेना. मी बादली घेऊन बसलेली, रिद्धी दुधासाठी रडतेय. यांनी शेजारच्या मळ्यातून दुसरा कोंबडा मागून आणला आणि चंद्रीच्या पाठीवर ठेवला. चंद्रीनं मान वळवून त्याला नीट पाहिलं आणि बादलीला लाथ घातली.

"दूध म्हशीचं, पन सही कोंबड्याची लागते," सासूबाई म्हणाल्या. "अन् दुसऱ्याची सही चालत नाही."

*

यांनी नांदगाव पेठेच्या मित्राकडून बदकाची अंडी आणली आणि खुडूक बसलेल्या कोंबडीखाली ठेवली. पिल्लं निघाली. कोंबडीला वाटलं आपलीच. मोठ्या तोऱ्यात अंगणभर फिरवायची.

एक दिवस फिरत फिरत सगळी बगीच्यातल्या टाक्याशी गेली आणि एकामागं एक पाण्यात. कोंबडी काठावर नाचतेय, ओरडतेय. मीही भांडी टाकून धावले.

"अवो, काढा ना त्याईले!"

हे झाडाखालून म्हणाले, "बदकं आहेत ते. बुडत नाहीत."

"मले माहीत आहे. पन त्याईच्या मायले कोन सांगन?"

शेवटचं पिल्लू बाहेर येईस्तोवर आम्ही दोघी काठावर उभ्या होतो.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकायचे आणि त्यांना कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमचे हे कामाच्या गडबडीत होते. गोठ्याच्या दारातूनच मोठ्यानं आवतन देऊन मोकळे झाले. गोठा तर सगळ्यांचा एकच.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट अंगणात आणलं. पहिली बिजली हजर. मागून दावं तोडून चंद्री, मग कोंबड्या, मग बदकांची रांग. बैल बिचारे नव्या झुली घालून मागं उभे. हे काठी घेऊन धावले.

"काहून हाकलतं बाप्पा?" सासूबाई म्हणाल्या. "आवतन तं तूच देल्लं."

त्या सणाला मी खिचडी खाल्ली.

*

मग बिजलीनं संत्र्याची नवी कलमं खाल्ली. एक नाही, अख्खी ओळ. यांनी ठरवलं, विकायची. मीही हो म्हटलं. बकरी की माझं लेकरू, एका वेळी किती जणांवर नजर ठेवायची?

मोर्शीचे सलीमभाई बकऱ्यांचा व्यापार करतात, आमच्या घरी त्यांचं जुनं येणंजाणं. दोर घेऊन आले. बिजलीचं तोंड उघडून दात पाहिले. तिला ते आवडलं नाही. मान सोडवून ती निघाली ती थेट चटईवर, आणि रिद्धीच्या हातातली भाकर ओढून चार हात लांब जाऊन उभी राहिली.

रिद्धी रडली नाही. तिनं बिजलीकडे पाहिलं. दोन्ही हात जमिनीला टेकवले, उठली आणि चालत गेली. कशाला धरलं नाही, कोणाकडे पाहिलं नाही. बिजलीच्या तोंडातून उरलेली भाकर ओढून घेतली, तिथंच बसली आणि खायला लागली.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. यांच्या हातातली काठी खाली पडली. ह्या दिवसासाठी मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं, "अवो, उष्टी आहे ते!"

सलीमभाईंनी दोर गुंडाळला आणि खांद्यावर टाकला.

"भाभी, ये बकरी मैं नई लेता. इसकी तो ट्यूशन चालू है."

पण बिजली विकायची आहे ही बातमी तोवर गावोगाव गेली होती. अजून कोणी ना कोणी दोर घेऊन दारात येतं. म्हणून मोर्शीच्या वाटेवर जो भेटेल त्याला सांगा, बिजली विकायची नाही. आणि कोणाचं लेकरू बसूनच असेल तर खुशाल घेऊन या म्हणावं. भाकर तेवढी आपापली आणा.