सर्वांत गरम तो गॅलरीत

जगातली सर्वांत थंड डोक्याची बाई भांडुपला राहते आणि ती माझी आतेबहीण आहे. हे मी नात्यापोटी म्हणत नाही, थंड करणं हा तिचा धंदाच आहे. अंतराळातल्या काळोखाहूनही कितीतरी थंड केलेले अणू कसे वागतील, याचं गणित ती मांडते, आणि तेही भर मे महिन्यात पंखा बंद करून, कारण पंख्याने कागद उडतात. मी समोर घामाने निथळत बसलेलो असतो आणि ही शांतपणे म्हणते, "अरे, अजून खूप गरम आहेत." म्हणजे अणू. माझ्याकडे बघायला तिला सवड नसते.

तिचं शास्त्र मला थोडंफार कळलं ते अंड्यांच्या ट्रेमुळे. लेझरचे किरण समोरासमोर सोडले की प्रकाशाचाच एक खळग्याखळग्यांचा ट्रे तयार होतो म्हणे, आणि थंड अणू त्या खळग्यांत जाऊन बसतात. खळगे खोल असले तर जो तो आपल्या जागी अडकतो. उथळ केले तर कोण कुठे हे सांगताच येत नाही, सगळे मिळून कशालाही न अडता वाहू लागतात. आणि अणू दोन प्रकारचे घेतले तर ते एक आड एक शिस्तीत बसू शकतात, ती झाली चुंबकी रचना. हे दाखवायला तिने जेवणाच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये एक हिरवं, एक पिवळं अशी लिंबं मांडली होती. "अडकलेले असताना असे बसतात, हे सगळ्यांना मान्य आहे. माझं म्हणणं, वाहताना पण ही शिस्त टिकते. दोन्ही एकदम." तिच्या सरांनीसुद्धा हा नाद सोड म्हणून सांगितलं होतं. तिने सरांना चहा पाजला आणि नाद चालू ठेवला.

दुसऱ्याच दिवशी घरात बांगडे आले आणि आतोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पिवळी लिंबं तेवढी वेचून पिळली. आत्या गेल्यापासून स्वयंपाक त्यांच्याकडे होता. "बाबा, तुम्ही माझा चुंबक पिळलात," ती म्हणाली. "मगे? हिरव्यांत रस खंय असता?" आतोबा म्हणाले, आणि तव्याकडे वळले.

आतोबा गिरणीत राबलेले आणि भयंकर तापट. टीव्हीवर, भाजीवाल्यावर, सोसायटीच्या सेक्रेटरीवर सारखेच तापायचे. अणू थंड करताना जे सर्वांत गरम असतात त्यांना आधी निसटू देतात, मग उरलेले आपोआप आणखी थंड होतात. हा नियम बहिणीने घरात लागू केला होता. वाद चढला की, "बाबा, तुम्ही जरा गॅलरीत जा." आणि आश्चर्य म्हणजे ते जायचे. एकदा बिल्डिंग पाडून नवी बांधण्यावरून त्यांच्याच घरी मीटिंग भरली, तेव्हा तिने आतोबांना आणि सेक्रेटरीला दोघांनाही बाहेर काढलं. आत चहावर निर्णय झाला. बाहेर दोघांचं इतकं जुळलं की त्यांना जेवायला आत बोलवावं लागलं.

पण तिच्या त्या वाहत्या चुंबकावर विश्वास ठेवणारा तिच्याखेरीज माणूस एकच होता, तो म्हणजे आतोबा. नातेवाइकांनी कुजकट काही विचारलं की ते अंगावर धावून जायचे. रोज सकाळी चहा देताना आपल्या मालवणीत विचारायचे, "गावलां काय गो?" ती म्हणायची, "नाही बाबा." "गावतलां," म्हणजे सापडेल, असं म्हणून ते कप ठेवून जायचे.

गेल्या वर्षी आतोबा गेले. नंतर काही आठवड्यांनी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ट्रेमध्ये नुसती अंडी होती आणि पंखा चालू होता. म्हणजे टेबलावर कागदच नव्हते. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तिचं म्हणणं तपासून कळवलं होतं की शिस्त दिसली, पण अणू वाहू लागताच ती मोडते. हे सोड आणि कॉलेजातली कायमची नोकरी घे म्हणून सगळे तिच्या मागे लागले होते. ती म्हणाली, "नियम बरोबर आहे रे. सर्वांत गरम तो गेला, घर थंड झालं. पण इतकं थंड नको होतं."

तिचा तो चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "मग सोड ना आता. नसेल तसं काही. बाबांना तरी ते कुठे कळत होतं?"

ती उठलीच. "नसेल? कोण म्हणतो नसेल? त्यांचे अणू गरम आहेत यार. गरम अणू घेऊन मला नाही म्हणून सांगतात. आणि बाबांना कळत नव्हतं? रोज विचारायचे ते. तू विचारलंस कधी?" तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, वरच्या मजल्यावरच्यांनीही नसेल. तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं. ती थांबली, आणि कुणी न सांगता गॅलरीत निघून गेली. आतोबा उभे राहायचे तिथेच, कठड्याला धरून उभी राहिली.

मी चहा टाकला. फ्रिजमधली लिंबं काढली, अंडी बाजूला ठेवून ट्रेमध्ये मांडली. ती आत आली, एक चुकलेलं लिंबू उचलून जागेवर ठेवलं आणि पंखा बंद केला. "त्यांना लिहिते, अजून थंड करा म्हणून," एवढंच म्हणाली आणि लॅपटॉप उघडून बसली.

ते थंड करणं अजून चालू आहे. मी आता दर रविवारी सकाळी जातो आणि दारातूनच विचारतो, "गावलां काय गो?" माझी मालवणी इतकी वाईट आहे की तिला हसू येतं. "नाही," ती म्हणते, आणि मान वर करून थांबते. मग मी म्हणतो, "गावतलां."