अंगणातली येझदी

त्या गाडीचा आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. गुहागर तालुक्यातल्या एका गावचे पोलीस पाटील सकाळच्या हजेरीच्या वेळी ठाण्यात आले. गावातल्या एका म्हातारीची तक्रार होती, की थोरला मुलगा शनिवारपासून घरी आलेला नाही. "साहेब, तो तीन वर्षांपूर्वीच मुंबईला गेलाय. म्हातारीला भ्रम झालाय," असं सांगून पाटील हसले.

मिसिंगची तक्रार ठाण्यात बसून झटकायची नाही, ही माझी सवय. मी त्या घरी गेलो. सुपारीच्या वाडीतलं घर, मध्ये अंगण. म्हातारी डोळ्यांनी अधू, अंथरुणाला खिळलेली. थोरल्याने आईशी अबोला धरून पलीकडच्या पडवीत वेगळी चूल मांडली होती. रोज संध्याकाळी त्याची मोटारसायकल अंगणात यायची, त्यावरून तो सुखरूप आहे एवढं तिला कळायचं. म्हणजे तीन वर्षं ती नेमकं काय ऐकत होती?

आईची शुश्रूषा धाकटा करायचा. तो म्हणाला, "दादा गाडी ठेवून एसटीने मुंबईला गेला. इंजिन जाम होऊ नये म्हणून मी चालू करायचो. शनिवारी विकली." उत्तर सरळ होतं. पण दादाचा मोबाईल तीन वर्षं बंद होता आणि त्याचा मुंबईचा पत्ता धाकट्यासकट कुणालाच माहीत नव्हता.

गाडी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कामगाराने घेतली होती. पाळी सुटली की जुन्या गाड्या दुरुस्त करून चालत्या करायचा त्याला नाद. ही येझदी मिळाल्यावर स्वारी खूश होती. नोकरीच्या सुरुवातीला मीही येझदीच चालवायचो. झेक बनावटीवरून म्हैसूरला तयार झालेली ही गाडी, दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. तिची खुबी म्हणजे किक आणि गियर एकाच दांड्यात. दांडा आत दाबून उभा केला की किक, पुढे पाडला की गियर.

टाकीत ताजं पेट्रोल होतं. टायर मात्र कुजून रिमला चिकटलेले, म्हणजे तीन वर्षं गाडी जागची हलली नव्हती. पुढचा फोर्क वाकलेला, हेडलाइट फुटलेला. व्यवस्थित ठेवून गेलेल्या माणसाची ही गाडी नव्हती.

धाकट्याला चौकशीला बोलावलं. दुपारपर्यंत तो एकच पाढा म्हणत राहिला. मी आवाज चढवला नाही. तो आत बसलेला असताना गाडी टेम्पोतून ठाण्याच्या आवारात उतरवली आणि मी स्वतः किक मारली. आवाज भिंतींवर घुमला. आत हवालदारांसमोर बसलेला तो ताडकन उठला आणि अगदी सहज, रोजच्यासारखा म्हणाला, "आई, दादा आला गो."

मग धाकटा सगळं बोलला. लायसन्स नसताना तो गाडी चालवत होता, दादा मागे. वाडीजवळच्या उतारावर गाडी चिऱ्यांच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, आदळली आणि दादा जागीच गेला. घाबरून त्याने भावाला वाडीतल्या पडीक विहिरीत टाकलं आणि ती दगडांनी बुजवली. तहसीलदारांसमोर विहीर उपसली. दादा तिथेच होता.

म्हातारीला सांगायला मीच गेलो. मी तिच्या अंथरुणाशी बसलो. तीच म्हणाली, "चढणीला माजो थोरलो झील गियर टाकी, आवाज बदले. मग तो बदलायचा बंद झाला. गाडी आल्यासारखी नाय, उभी असल्यासारखी वाजे. झील ऱ्हायला नाय, मला तवाच कळला."

"मग तेव्हाच का नाही कळवलंत?"

"रोज सांजचा गाडी वाजवून रडे धाकटो, सायेब. भावाची आठवण हाय म्हटला, ऱ्हावंदे. गाडी इकलीन, तवा वाटला, आता ह्यो इसरला."

तिच्या दोन मुलांपैकी एक विहिरीत सापडला होता, दुसरा तिच्याच तक्रारीने माझ्या कोठडीत होता. तिने त्याच्या जेवणाची चौकशी केली. जेवण मिळेल, असं सांगून मी बाहेर आलो.

ज्याला आपण भ्रम म्हणतो, तो आधी नीट ऐकून घ्यावा, हे मी त्या घरात शिकलो. निवृत्तीनंतर रत्नागिरीत चढणीवर राहतो. संध्याकाळी एखादी जुनी गाडी वर येऊ लागली की माझं बोलणं थांबतं. तिने गियर बदलल्याचं ऐकू आलं, की मगच मी पुढचं वाक्य बोलतो.