धुतलेली काचपट्टी

शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई असलेल्या मावशींना कुणी नावाने हाक मारल्याचं त्यांना स्वतःलाही आठवत नव्हतं. तेवीस वर्षं कांद्याचे पापुद्रे सोलून, आयोडीनचा थेंब टाकून त्यांनी हजारो मुलांना पेशी दाखवली. वरची पातळ काच बुडबुडा न येऊ देता ठेवावी ती मावशींनीच. विज्ञानाच्या बाईंनी ठेवली की हमखास बुडबुडा यायचा, आणि मुलं त्यालाच केंद्रक समजून मन लावून चित्र काढायची. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की मावशी दहावी नापास होत्या, आणि तेही विज्ञानातच!

यंदा प्रयोगशाळा सहायक निवृत्त होणार होते. ती जागा मावशींनाच मिळावी असं मुख्याध्यापकांच्याही मनात होतं, पण नियमाला दहावी पास लागत होती. लेकीने आईचा बाहेरून बसण्याचा फॉर्म भरला आणि रोज भाजी निवडताना उजळणी सुरू केली.

"पेशीभित्तिका कशाला असते?"

"आधाराला. घराला भिंत असते तशी."

"आणि रिक्तिका?"

"पाणी साठवायला. आपल्या मोरीतल्या पिंपासारखी."

"आई, पेपरात पिंप लिहू नकोस हं!"

लेखी पेपर काठावरचा गेला. आता प्रात्यक्षिकात चांगले गुण पडले तरच पास, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाची.

प्रात्यक्षिक त्यांच्याच प्रयोगशाळेत होतं. मावशींनी पापुद्रा काढला, रंगवला, सूक्ष्मदर्शीखाली बघून चित्र पुरं केलं. बाकीची मुलं अजून पापुद्र्याशीच झटापट करत होती. काम झालं, म्हणून मावशींनी काचपट्टी उचलली, नळाखाली स्वच्छ धुतली, पुसली आणि रॅकमध्ये लावून टाकली. जित्याची खोड, दुसरं काय!

बाहेरून आलेले परीक्षक वाकून बघतात तर सूक्ष्मदर्शीखाली नुसता उजेड.

"तुमची काचपट्टी कुठंय?"

"धुतली, साहेब."

"धुतली? मग मी तपासू काय?"

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात इतका त्यांना स्वतःचा राग आला. घंटेला चार मिनिटं उरली होती.

"पुन्हा करू का?"

"वेळेत होणार असेल तर करा."

मावशींनी कांदा हातात घेतला. दोन मिनिटांत काचपट्टी तयार. परीक्षकांनी डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. एकही बुडबुडा नव्हता. विटा रचाव्यात तशा पेशी, आणि त्यांतली केंद्रकं स्पष्ट.

मग त्यांनी चित्र उचललं. "सगळ्यांनी तंतुकणिका दाखवल्यात. तुमच्या कुठे गेल्या? मग पेशीला ऊर्जा कोण देतं?"

"त्याच देतात. पेशीत आहेत त्या, साहेब. पण या सूक्ष्मदर्शीतून दिसत नाहीत. तेवीस वर्षांत मला एकदाही दिसल्या नाहीत. प्रश्नात लिहिलंय, दिसेल तेच काढा."

परीक्षकांनी प्रश्न पुन्हा वाचला. मग चष्म्यावरून वर्गाकडे बघितलं. "मग या सगळ्यांना कशा दिसल्या?"

पुस्तकातलं चित्र पाठ करून आलेली मुलं माना खाली घालून बसली होती. चुगली करणं मावशींच्या जिवावर आलं.

"त्यांचे डोळे तरणे आहेत, साहेब."

परीक्षक खो खो हसले आणि त्यांनी वहीवर सही केली. किती गुण दिले ते मात्र मावशींना दिसलं नाही.

पुढचा दीड महिना मावशींना अन्न गोड लागलं नाही. निकालाच्या दिवशी लेकीने फोन उघडला, आणि निकाल मनातल्या मनात दोनदा वाचला.

"बोल ना गं! गेला का विषय?"

"पास, आई. विज्ञानात पास. प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी."

मावशींनी पदराने डोळे पुसले, पण पुन्हा भरून आले, तेव्हा पुसायचं सोडून दिलं.

"पुन्हा वाच."

लेकीने पुन्हा वाचलं.

"आता जरा मोठ्याने वाच, बाई. शेजारीण दार उघडं ठेवून बसलीय."