वाटेत थांबलेला नैवेद्य

ह्यांची नजर गेली त्या वर्षापासून मी देवाकडे काही मागायचं सोडून दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ दिवा लावत होते, फुलं वाहत होते. पण घरातली भांडी घासावीत, अंगण झाडावं, तसंच तेही एक काम. डोळ्यांसाठी मी पुष्कळ मागितलं होतं. उपास केले, ओट्या भरल्या, मालवणपासून फोंडाघाटापर्यंत कोणी सांगितलेलं एकही देवस्थान सोडलं नाही. मधुमेहाने डोळ्यांचे पडदे खाल्ले ते खाल्लेच. त्यानंतर मनात राग असा उरला नाही, नुसतं रिकामेपण राहिलं. देव असेल तर असो, माझं त्याच्याशी बोलणं संपलं होतं.

हे मूळचे सायकलवाले. तरुणपणापासून कामावर सायकलनेच जायचे, सुट्टीच्या दिवशी उगाच लांब कुठेतरी जाऊन यायचे. नजर गेल्यावर पडवीतल्या खुर्चीत बसून असत. ते बघवेना म्हणून पुण्याच्या आमच्या मुलीने दोन सीटांची जोडसायकल पाठवली. पुढच्याने हँडल धरायचं, मागच्याने नुसते पाय चालवायचे. माझं वय पंचावन्नच्या पुढे, लहानपणी शिकलेली सायकल तेवढी येत होती. मालवणच्या बाजारातून पहिल्यांदा गेलो तेव्हा लोक दुकानातून बाहेर येऊन बघायला लागले. मला इतकी लाज वाटली की त्यानंतर आम्ही मोठा रस्ताच सोडला. आतल्या गावांच्या वाटा धरल्या. मसुरे गावाच्या अलीकडे-पलीकडे असे रस्ते आहेत, की सकाळची एसटी गेली की संध्याकाळच्या एसटीपर्यंत त्यांच्यावर गाडी दिसत नाही. दोन्ही अंगांना कापून मोकळे झालेले भाताचे कोपरे, मध्येच वायंगणाचा, म्हणजे थंडीत लावलेल्या दुसऱ्या भाताचा, हिरवा तुकडा, चिऱ्याच्या बुटक्या गडग्याच्या भिंतीवर वाळत घातलेली पांघरुणं. ह्यांना ते दिसत नसे, पण वास आणि आवाज ह्यांच्यापुढे येऊन उभे राहत. "काजीक मोहर इलो गो," असं ते मागून म्हणत, आणि मी मान वळवून बघे तर खरंच वरच्या डोंगरावर काजू मोहरलेले असत. त्या वाटांनी मला माझा नवरा परत दिला होता. पण हे देवाने दिलं असं तेव्हा मला वाटलं नाही.

गोष्ट घडली ती थंडीच्या दिवसांतली. सकाळी घावणे खाऊन, ह्यांचं इन्सुलिन टोचून आम्ही निघालो. साखर अचानक उतरली तर असावं म्हणून सोबतच्या पिशवीत ग्लुकोजची पूड, बिस्किटं, दोन लाडू, असं सगळं नेहमीसारखं घेतलं होतं. एका व्हाळाशी पाय धुवायला थांबलो. मी ह्यांचा हात धरून त्यांना पाण्यापर्यंत नेत होते, तेवढ्यात झाडावरून वानरांची टोळी उतरली आणि एकाने कॅरिअरवरची पिशवी ओढून नेली. मी दगड भिरकावला, ओरडले, पण ती केव्हाच पलीकडच्या रानात गेली. ह्यांना हसू आवरेना. "जांवदे गो. त्यांका पण भूक लागता," म्हणाले. मीही हसले. पुढच्या वाडीत दुकान लागेल, तिथे काहीतरी घेऊ, असं आम्ही ठरवलं.

त्या वाडीच्या आधी सड्यावर, वरच्या कातळमाळावर, जाणारी लांब चढण आहे. जोडसायकलवर मागच्या माणसाचं सगळं पायांना कळतं. अर्ध्या चढणीवर माझ्या पायडलांवर एकदम भार आला. मला वाटलं, दमले असतील. "उतरूया काय?" म्हणून विचारलं. मागून उत्तर आलं, "आई, दार उघड." ह्यांची आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

सायकल कशी थांबवली आणि ह्यांना कसं उतरवलं ते मला धड आठवत नाही. एका काजूच्या सावलीत त्यांना टेकवून बसवलं. शर्ट घामाने पिळून काढावा असा भिजला होता, हात थंडगार, जीभ जड झालेली. साखर उतरली आहे हे मला कळत होतं. काय द्यायला हवं तेही कळत होतं. आणि देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. बाटलीत साधं पाणी. फोनला रेंज नाही. ज्या निर्जनपणासाठी आम्ही त्या वाटेला येत होतो, तोच आता चहूबाजूंनी अंगावर आला. खालपर्यंत रस्ता मोकळा, वर चढणीच्या टोकापर्यंत मोकळा. धावत वाडीत जावं तर ह्यांना एकट्याला कसं सोडायचं, आणि सोडलं नाही तर पुढे काय होणार ते डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलेलं होतं.

मी तेव्हा देवाला हाक मारली असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी ह्यांनाच हाका मारत होते. गालांवर चापट्या मारत होते, झोपू नका म्हणून सांगत होते. मग त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं आणि मी त्यांना नुसतं धरून बसले. आतून सगळं सुटल्यासारखं झालं. आता माझ्या हातात काही नाही, एवढंच मनात आलं. ती प्रार्थना होती की हरणं होतं, मला अजून ठरवता येत नाही.

मान वर केली तर चढणीवरून एक बाई खाली येत होती. माझ्याहून पुष्कळ मोठी, काष्टा नेसलेली, डोक्यावर टोपली, अनवाणी. आम्हाला बघून ती भराभर उतरली.

"काय झाला गो बाय ह्यांका?"

"साखर उतारली आसा. गोड कायतरी होया. माझ्याकडे कायच नाय."

तिने टोपली खाली ठेवली. वरचं फडकं काढलं. आत केळीच्या पानाखाली शिरवाळे, तांदळाच्या जाड शेवया, होते आणि बाजूला झाकणाच्या डब्यात त्यांचा रस, नारळाच्या दुधात गूळ विरघळवून केलेला, अजून कोमट. शेजारी नारळ, हळद-कुंकू, फुलं. ते बघून माझा पुढे केलेला हात थांबला.

"देवीचो निवेद मा ह्यो?" मी विचारलं.

"व्हय. सुनेची सुटका नीट होवंदे म्हणान बोललंय होतंय. नातू झालो. तो नवस फेडूक जातंय."

"म्हणजे अजून दाखवूक नाय?"

तिने डबा उघडून माझ्या हातात दिला. "देवी थांबतली. ह्यो माणूस थांबूचो नाय. भरव तू."

मी बोट रसात बुडवून ह्यांच्या गालाच्या आत लावलं. पुन्हा लावलं. जरा वेळाने त्यांनी जीभ हलवली, मग आवंढा गिळला. मग मी झाकणातून घोट घोट पाजायला लागले. ती म्हातारी ह्यांच्या मागे बसून त्यांची मान आपल्या हातावर सावरून होती, आणि "हळू, हळू, ठसको लागात," एवढंच म्हणत होती. डबा संपत आला तेव्हा हे माणसात आले. त्यांनी ओठ चाटले आणि अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "शिरवाळे कधी केलंस गो? वेलची बरी पडली आसा."

मला रडू फुटलं आणि हसूही. म्हातारी तर तोंडाला पदर लावून हसत सुटली. मधुमेह झाल्यापासून ह्यांना असं पोटभर गोडधोड कधी मिळालं नव्हतं, आणि आता रस्त्यात बसून हे नवसाच्या शिरवाळ्यांची चव सांगत होते. तिने टोपलीतले शिरवाळेही पानावर घालून पुढे केले. नुसत्या रसाने पोटाला आधार होत नाही म्हणाली.

तिची रोजची वाट ही नव्हेच. खालच्या भातशेतांच्या बांधावरून ती देवळात जायची. त्या दिवशी कोणी तरी वायंगणाला पाणी सोडलं, बांध चिखलात गेला, म्हणून ती सड्याला वळसा घालून आली. एवढंच तिने सांगितलं, आणि त्यात तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

ह्यांना चालवेल असं वाटल्यावर आम्ही तिच्याबरोबर निघालो. मी सायकल ढकलत होते, आणि ह्यांनी तिचा हात धरला होता. देऊळ जवळच होतं, पण आडवाटेला, रस्त्यावरून न दिसणारं; कौलारू, समोर मोकळं पटांगण. पुजाऱ्याने तिची टोपली बघून विचारलं, "निवेद खंय?"

"हेनी खाल्ल्यानी," ती ह्यांच्याकडे हात करून म्हणाली. मग काय घडलं ते सगळं सांगितलं. मला भीती वाटली की आता हा माणूस काहीतरी बोलणार. पण तो टोपली घेऊन आत गेला. मग त्याने रिकामा डबाच देवीसमोर ठेवला, शेजारी नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"आई माऊली म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान केलेलो निवेद वाटेतच तुका पावलो, तो मानून घे गे म्हाराजा."

आमच्याकडे गाऱ्हाण्याला उभ्या असलेल्यांनी होकार द्यायचा असतो. म्हातारीने दिला, "व्हय म्हाराजा."

"हे दोगव वाटसरू तुझ्या दारात इलेत. त्यांका सुखान घराक पोचय, काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल गे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी आवाज ह्यांचा होता, आणि त्यांच्या मागोमाग माझा. तोंडातून शब्द निघून गेल्यावर मला कळलं की आपण बोललो. इतक्या वर्षांनी मी देवीशी बोलले होते, आणि ते मागणं नव्हतं. नुसता होकार होता. छातीवरचं एक ओझं उतरून खाली बसावं तसं वाटलं. मी तिथेच खांबाला टेकून बसले.

म्हातारीने आम्हाला घरी नेऊन भात आणि कुळथाची पिठी जेवू घातली, पाळण्यातला नातू माझ्या मांडीवर दिला आणि पुतण्याच्या टेम्पोत सायकल चढवून आम्हाला मालवणला पाठवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सायकलच्या दिवसांसाठी इन्सुलिनची मात्रा कमी केली. ग्लुकोज आता दोघांच्याही खिशात असतं. आम्ही अजून त्याच वाटांनी जातो.

ह्यांची नजर आली नाही, येणारही नाही. ते मी आता देवीला विचारत नाही. त्या दिवशी आम्हाला कोणी वाचवलं हेही मी शोधत बसत नाही. कोणी तरी वायंगणाला पाणी सोडलं, एका बाईने आपला नवस बाजूला ठेवला, आणि माझा माणूस माझ्याबरोबर घरी आला. दिव्यासमोर उभी राहते तेव्हा काय मागावं हे मला अजूनही सुचत नाही. मग जे आहे त्याला मी हळूच "व्हय म्हाराजा" म्हणते, आणि तेवढ्यानेच मन भरून येतं.