कणांची कचरापेटी

मी कणांच्या त्वरकासाठी बीम डंप तयार करते. त्वरक म्हणजे प्रोटॉनचा झोत भयंकर वेगानं पळवणारं यंत्र. काही बिनसलं की तो झोत तत्काळ कुठंतरी नेऊन आपटावा लागतो. जिथं आपटायचा तो हा डंप: ग्राफाइटचा लांब ठोकळा, भोवती पाण्यानं थंड राहणारं तांबं, त्याच्याभोवती काँक्रीट. एवढा माझा संसार. दुसराही व्हावा म्हणून बाबांनी मला सुट्टी काढायला लावून गावी, दवनीवाड्याला बोलावलं.

देवरीहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि सगळ्यांच्या वतीनं बोलणारे मामा. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "पोरगी कंप्युटरमधी हाय." ते सगळ्यांना पटतं.

मामांनी चहा बशीत ओतला. "मंग, काय करून राहिली तू तिकडं?"

मला कंप्युटर रेटायचा कंटाळा आला. मी खरं ते सांगून टाकलं. बाबा पंख्याकडे बघू लागले.

"म्हंजे कचरापेटी," मामा म्हणाले.

"हो. फक्त हिच्यात टाकलेला कचरा हिलाच भोक पाडू शकतो."

मुलानं पहिल्यांदा मान वर केली. "मंग भोक काऊन नाई पडत?"

मी खुलले. झोत सुईसारखा एकाच जागी पडला तर काहीच टिकत नाही. म्हणून वाटेतच चुंबकांनी त्याला ठोकळ्याच्या तोंडावर फिरवायचं. समोर जड धातू न ठेवता हलकं ग्राफाइट ठेवायचं, म्हणजे उष्णता एका जागी न साचता लांबवर मुरते. हे दाखवायला मी बिस्किटांची रांग मांडली. एक बिस्किट कमी पडलं म्हणून मामांच्या पुढ्यातलं उचललं.

"ते सारं ठीक हाय," मामा बिस्किटाकडे बघत म्हणाले, "पन रेडिएशनचं लफडं? पोरंबाळं होतीन का नाई?"

"झोत चालू असताना तिथं कोणालाच जाऊ देत नाहीत, मामाजी. मला तुमच्या तोंडातल्या तंबाखूच्या खर्र्याची जास्त काळजी वाटते."

मुलगा फिसकन हसला. त्याची आई हसली नाही.

चार दिवसांनी देवरीहून पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. ती जुळल्यावरच तर ते आले होते. बाबा भडकले, "कंप्युटर म्हनली असती तं जीव जात होता का?" आई म्हणाली, "बरं झालं. तो मामा रोज जेवाले आला असता." मला वाईट वाटलं ते मुलाचं. त्यानं नेमका प्रश्न विचारला होता.

परत गेल्यावर माझ्या डंपची पहिली पूर्ण ताकदीची चाचणी झाली. पडद्यावर तापमानाची रेघ चढली, हिशोबात बसवली होती तिथंच थांबली आणि निमूट उतरली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, बघण्यासारखं काही घडलंच नव्हतं. एक सहकारी चहा आणायला गेला. मी बाहेर येऊन घरी फोन लावला.

"बाबा, आज माह्या ठोकळ्यावर झोत पाडला."

"मंग? काय झालं?"

"काहीच नाई झालं."

"काहीच नाई झालं तं फोन कायले केला?"

"काही होऊ नये म्हनूनच तं इतके वर्षं राबली ना मी!"

बाबा फोन बाजूला धरून ओरडले, "आयकलं का? पोरीचं जमलं!"

आईनं धावत येऊन फोन हिसकावला.

"कोनासंगं?"