खापरचाटे सर

सर खापराचा तुकडा उचलायचे, पँटीला पुसायचे, जिभेच्या टोकाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आजूबाजूची माणसं कामं सोडून बघत राहायची. मग सर डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "सांगता येत नाही."

आता तुम्हीच सांगा, जे सांगताच येत नाही त्यासाठी बीडहून एस.टी.नं हाडं खिळखिळी करून घेत दिंद्रुडला उतरायचं, तिथून आमच्या गावापर्यंत पायपीट करायची आणि वर माती चाटायची, या माणसाला काय म्हणावं? आमच्या गावानं 'खापरचाटे' म्हणायचं ठरवलं. तोंडावर मात्र सगळे 'सर'च म्हणत.

ते बीडच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी गावच्या सेवा सोसायटीचा सचिव. आमची गाठ घालून दिली ती दुष्काळानं, सुकडीच्या आणि रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या त्या बहात्तरच्या मोठ्या दुष्काळानं. गावाबाहेर एक पांढरी होती, म्हणजे जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड. घराच्या माळवदावर टाकायला आम्ही तिथलीच माती आणायचो. दुष्काळी कामातल्या पाझर तलावाच्या भरावाला माती कमी पडली तेव्हा चेअरमननं त्या टेकाडाकडं बोट दाखवलं. चेअरमन आमच्या सोसायटीचे, पण आपण बोट दाखवू ती सगळी जमीन सोसायटीचीच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

कुदळ घातली की मातीपेक्षा खापरंच जास्त निघू लागली. बातमी कॉलेजात पोचली आणि सर आले. काम थांबवा, असं ते म्हणाले नाहीत. मजुरांची चूल त्या कामावर पेटते आहे एवढं त्यांना कळत होतं. "तुम्ही खणा, मी थोडा पुढं बसून बघतो," म्हणाले आणि खरंच कुदळीच्या चार हात पुढं उकिडवे बसून ब्रशानं माती झटकायला लागले.

पहिल्याच दिवशी बायांनी त्यांना खापर चाटताना पाहिलं. गयाबाई नावाची एक म्हातारी मातीच्या पाट्या वाहायला होती. तिनं आपली अर्धी भाकरी मोडून सरांपुढं धरली.

"खा बाबा. बीडातबी काय मिळंना व्हय?"

सरांनी तिला नीट समजावलं की कमी भाजलेलं खापर जिभेला चिकटतं, पक्कं भाजलेलं चिकटत नाही, त्यावरून आव्याची, म्हणजे कुंभाराच्या भट्टीची, आच कळते. गयाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी तशीच धरून ठेवली. शेवटी सरांनी खाल्ली. पुढं रोजच खायला लागले आणि बदल्यात बीडहून आणलेला आपला डबा तिला देऊ लागले. मी तो डबा चाखलेला आहे. त्या व्यवहारात फायदा कुणाचा झाला, सांगता येत नाही.

सरांच्या पत्नी एकदा काम बघायला आल्या होत्या. बघून झाल्यावर मला म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा बाबांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? तर हे म्हणाले, एवढ्यावरून सांगता येणार नाही. बाबांनी दुसऱ्यांदा पोहे करायला लावले."

खत आलंच नव्हतं, गोदाम मोकळं होतं, म्हणून सरांची खापरं मी खताच्या रिकाम्या पोत्यांत भरून तिथंच रचली. नेमके ऑडिटर आले. त्यांनी एका पोत्यात हात घातला आणि मूठभर खापरं बाहेर काढली.

"हे काय आहे?"

"जुना साठा हाय," चेअरमन म्हणाले.

"किती जुना?"

मागं कोपऱ्यात बसलेले सर मान वर न करता म्हणाले, "दीड-दोन हजार वर्षं. नक्की सांगता येत नाही."

ऑडिटर चहा न घेता गेले. सोसायटीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

पण याच सवयीनं सरांचा घात केला. एकदा चेअरमननं लाडीगोडीनं विचारलं, "सर, खाली सोनंनाणं असंल का वो?" कुणीही शहाणा माणूस 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "आत्ताच सांगता येत नाही."

पुढच्या बाजारच्या दिवशी काम बंद होतं, सर बीडला होते. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर टेकाडाचा सगळा माथा रानडुकरांनी भुईमूग उकरावा तसा उकरलेला, काही खड्डे तर पार तळापर्यंत गेलेले. सोनं निघालं नाही, एक फुटकी चिलीम तेवढी निघाली. सर ओरडले नाहीत. त्या ढिगातली खापरं त्यांनी वेगळ्या पोत्यांत भरायला लावली आणि पोत्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मिसळ'. कोणतं खापर किती खोलीवरचं, हे आता कुणालाही कळणार नव्हतं.

एका कडेची खालची माती मात्र शाबूत होती. दुपारच्या सुट्टीत सरांनी मला आणि गयाबाईला ती उभी कापून दाखवली. सगळ्यात खाली चांगल्या मडक्यांची खापरं. त्यावर सांधलेली मडकी. तडा गेला की दोन्ही बाजूंना भोकं पाडून दोरीनं आवळलेली. "पाणी नसलं की कुंभार गाव सोडतो," सर म्हणाले. "मग लोक आहे तेच सांधून वापरतात." आणि त्याच्यावर वीतभर नुसती माती. एक खापर नाही.

"हितं कोनीच न्हाई?" गयाबाईनं विचारलं.

"नाही. गाव उठलं."

"मग परत आले का?"

"नंतर वस्ती झाली. माथ्यावर खापरं आहेतच."

"त्येच आले का दुसरेच कोन आले?"

हे विचारणाऱ्या गयाबाईचा एकुलता एक मुलगा बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला होता. टोळीतली बाकीची माणसं परतली, हा आला नव्हता. गयाबाईचा भाऊ मागं लागला होता की घर मोड, लाकडं वीक आणि माझ्याकडं चल. ती अडून बसली होती. घर मोडल्यावर पोरानं यायचं कुठं?

"काठ बघावे लागतील," सर म्हणाले. "मडक्याच्या काठावर कुंभाराचा हात कळतो. कुंभार गाव बदलेल, बोटांची सवय बदलत नाही."

मग ते गोदामात जाऊन बसले. खालची पोती ओतली, वरची ओतली, काठाला काठ लावून बघत राहिले. चेहरा बघून मला कळत होतं की जमत नाहीये.

भाऊ बैलगाडी घेऊन आला त्या सकाळी सर थेट गयाबाईच्या दारात गेले. मी मागोमाग. भाऊ माळवदाकडं बघून लाकडांचा अंदाज घेत होता. सरांनी दोन तुकडे गयाबाईच्या हातावर ठेवले.

"हा खालचा काठ. हा वरचा. बाहेरची मुरड बघा. एकाच घराण्याचा हात आहे. तेच लोक परत आले."

"नक्की?"

"नक्की."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आणि मला माहीत होतं की 'वरचा' म्हणून दिलेला तुकडा मिसळ पोत्यातला आहे. त्या पोत्याचं तोंड मीच सोडून दिलं होतं. तो कुठल्या थरातला, हे देवालाही सांगता आलं नसतं, आणि सरांइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

गयाबाईनं दोन्ही तुकडे कोनाड्यात ठेवले. भावाला म्हणाली, "तू जा. मी हितंच हाय."

भाऊ रिकामी गाडी घेऊन गेला. टेकाड संपलं, तलावाचा बांध उभा राहिला. सर पुन्हा गावात आले नाहीत. आमच्या टेकाडावर त्यांनी पुढं एक ओळसुद्धा लिहिली नाही. का, ते मी ओळखून होतो. त्या माणसाबद्दल मला तेव्हा जी माया वाटली ती आजही तशीच आहे.

बऱ्याच वर्षांनी ते बीडच्या स्टँडवर भेटले. पिकलेले, काठी टेकत. इकडचं तिकडचं बोलले. मग काठीकडं बघत विचारलं, "गयाबाईचा मुलगा?"

"आला की, सर. पाऊस झाल्यावर आला. बायको, लेकरू घिऊन."

"तोच?"

"त्योच."

"पुरावा?"

"त्येच्या धाकट्याच्या जावळाचं जेवून आलो."

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "माझी गाडी लागली," म्हणाले. गाडी लागलेली नव्हती.

आता सर नाहीत. गयाबाईही नाही. तिच्या पोरानं कोनाड्यातले दोन तुकडे मला आणून दिले. मी ते जिभेला लावून बघतो, उजेडात धरतो, काठाला काठ लावतो. मला तर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका. न जुळणारं जुळवून दाखवण्यातच माझी सगळी नोकरी गेली.