सोडचिठ्ठीची नक्कल

बहिणीचा फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन नुकताच चहाला बसलो होतो. ती सहसा आपणहून फोन करत नाही. सणावारी मीच करतो, तोही बायकोने आठवण करून दिली की.

"दादा, माझ्या सोडचिठ्ठीचा कागद तुझ्याकडं हाय काय?" तिने विचारलं.

बावीस वर्षांत हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. मी कप घेऊन गॅलरीत गेलो, दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कशाला हवाय?"

"लगीन करते हाय."

माझी बहीण शेहेचाळीस वर्षांची आहे. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या वाडीत आईवडिलांच्या घरी ती एकटी राहते आणि अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करते. आधी वडील गेले, मग आई. दोघांचंही आजारपण तिनेच काढलं. मी महाडात फ्लॅट घेऊन राहतो, नाते गावाच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी वाडीत जाऊन तासाभरात परत येतो.

नवरामुलगा सव गावाच्या बाजूचा होता. त्याची बायको वारलेली, मुली लग्न होऊन गेलेल्या. गावोगावच्या पाण्याच्या योजनांचे पंप दुरुस्त करायचा. वाडीतला पंप सारखा बिघडत होता, तेव्हापासूनची त्यांची ओळख. दोघं लग्न नोंदवायला गेले तर आधीच्या लग्नाच्या निकालाची कोर्टाचा शिक्का असलेली नक्कल आणा म्हणून सांगितलं.

"तो कागद पुरात गेला गो," मी म्हणालो.

महाडात हे कारण चालून जातं. पुराने कुणाचं काय नेलं ते कोणी तपासत बसत नाही. पण तो कागद पुरात गेला नव्हता. माझ्या लग्नाच्या आधी चार दिवस मी तो वाडीतल्या चुलीत घातला होता. सासरकडची माणसं घरात वावरणार, कोणीतरी कपाट उघडेल आणि वाचेल, ही भीती होती.

"मग दुसरा काढून दे," ती म्हणाली. "कोर्ट तुझ्या दारात हाय."

मी हो म्हणालो आणि तीन आठवडे काहीच केलं नाही. म्हणजे मोबाईलवर कोर्टाच्या साइटवर दोघांची नावं टाकून पाहिली, पण एवढा जुना निकाल तिथे सापडला नाही. ज्या वकिलांनी प्रकरण चालवलं ते वारले होते. कोर्टात जाऊन विचारणं एवढंच उरलं होतं, आणि तेच मला नको होतं. महाड लहान गाव. कोर्टात दहा माणसं तरी मला ओळखणारी निघतील. आणि माझ्या ओळखीच्या लोकांना मला एक बहीण आहे एवढंच माहीत होतं. तिचं लग्न झालं होतं, ते मोडलं, हे बायको सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. बायकोलाही मी लग्नानंतर वर्षभराने सांगितलं होतं, तेही माझ्या पद्धतीने. तिचं पटलं नाही, तिनेच सोडलं, हट्टी आहे जरा. हेच मी इतक्यांदा मनात म्हटलं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

शेवटी एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून गेलो. त्या शनिवारी कोर्ट चालू होतं. नकला मिळतात त्या टेबलाशी उभा राहिलो तर समोरच्या बाईंनी मान वर केली आणि त्या खुर्चीतून उठल्याच.

"सर, तुम्ही?"

माझी विद्यार्थिनी निघाली. दहावीला मराठीत पहिली आलेली.

"एका ओळखीच्या बाईंचं काम होतं," मी म्हणालो. "घटस्फोटाच्या निकालाची नक्कल हवी आहे."

तिने मला बसायला खुर्ची दिली आणि सगळं नीट समजावलं. अर्ज करायचा, कोर्ट फीचा स्टॅम्प लावायचा, ओळखपत्र जोडायचं. प्रकरणाचा नंबर माहीत नसेल तर दोघांची पूर्ण नावं आणि निकालाचं साल द्यायचं, म्हणजे रजिस्टरमध्ये शोधता येईल. मग ती म्हणाली, "पण सर, हे घरगुती प्रकरण. तुम्ही त्यात पक्षकार नाही. तिऱ्हाईताने मागितलं तर का हवं त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यापेक्षा त्या बाईंनाच घेऊन या ना. तुमच्या कोण लागतात?"

"लांबच्या नात्यात आहेत," मी म्हणालो.

पायऱ्या उतरताना माझे कान तापले होते. लांबच्या नात्यात. तिच्या पाठीवर हात ठेवून मी तिला पहिल्यांदा शाळेत नेलं होतं.

पुढच्या बुधवारी बहीण पोलादपूरहून एसटीने आली. स्टँडवरून आम्ही चालत निघालो. मी तिला वाटेत म्हणालो, "तिथे नात्याचं काही बोलू नको. माझी विद्यार्थिनी आहे तिथे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती चालत राहिली. मला वाटलं, कळलं तिला.

टेबलाशी गेल्यावर माझ्या विद्यार्थिनीने विचारलं, "या, मावशी. सरांनी सांगितलं होतं. तुमचं गाव कुठलं?"

बहिणीने गाव सांगितलं. मग म्हणाली, "मी सरांची बहीण. सख्खी. धाकटी."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. माझ्या विद्यार्थिनीने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला सांभाळून घ्यायला तिने मुद्दाम पाहिलं नाही, हे मला समजलं आणि त्यानेच जास्त लाज वाटली. तिने अर्ज पुढे सरकवला. "ताई, इथे नाव, इथे सही. निकालपत्राची आणि हुकूमनाम्याची नक्कल ना? नोंदणीला तेवढं पुरतं."

"अजून काय काय असतं त्यात?"

"मूळ अर्ज असतो, जबाब असतो. रोजनामा असतो, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद."

"सगळ्याची द्या," बहीण म्हणाली.

"कशाला सगळ्याची?" मी म्हणालो. तिने सही केली. सातवीपर्यंत शिकलेली आहे, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

साल मी सांगितलं ते एकाने चुकीचं निघालं. नंतरच्या वर्षाच्या रजिस्टरमध्ये नाव सापडलं. शिपाई ते मोठं रजिस्टर घेऊन आला, आणि एका ओळीत तिच्या नवऱ्याचं नाव आणि तिचं नाव, मध्ये फक्त एक रेघ, असं मी उलटं वाचलं. माझ्या विद्यार्थिनीने नंबर उतरवून घेतला. जुनं रेकॉर्ड काढून नकला करायला पंधरा दिवस तरी जातील, असं तिने सांगितलं. तेवढेच लागले.

नकला घ्यायला बहीण पुन्हा आली. कोर्टाजवळच्या चहाच्या हॉटेलात आम्ही बसलो. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. वाचून झालेलं पान ती माझ्याकडे सरकवत होती.

अर्जात लिहिलं होतं की दोघांचे स्वभाव जुळत नाहीत, दोघंही स्वखुशीने वेगळे राहत आहेत आणि कोणाचाही दबाव नाही. अर्जाचा मसुदा वकिलांचा होता, पण त्यांना हे सांगायला मी गेलो होतो. तिच्या नवऱ्याला मुंबईत दुसरी कोणी होती. त्याला सुटायचं होतं. आणि मला महाडातल्या एका शिक्षकाच्या घरातलं स्थळ आलं होतं. नवऱ्याने टाकलेली बहीण घरात आहे हे त्यांना कळण्याआधी सगळं गुपचूप मिटावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वडील म्हणाले होते, तू शिकलेला आहेस, तू ठरव. मी ठरवलं.

मग रोजनाम्याचं पान आलं. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा बोलावतात, दोघांची संमती कायम आहे का ते विचारायला. त्या तारखेपुढे बहिणीबद्दल लिहिलं होतं: "अर्जदार क्र. २ समक्ष हजर. विचार करण्यासाठी मुदत मागितली. मुदत मंजूर." त्याखाली महिन्याभरानंतरची तारीख: "अर्जदार क्र. २ हजर. संमती कायम असल्याचे सांगितले."

ती नोंद वाचेपर्यंत ती मुदतीची तारीख मला आठवतच नव्हती. वाचल्यावर सगळं आठवलं. न्यायाधीश साहेबांनी तिला विचारलं होतं, बाई, तुमची तयारी आहे ना? ती म्हणाली, मला जरा वेळ पाहिजे. कोर्टाच्या आवारात मी तिला भिंतीशी उभं केलं आणि दात आवळून बोललो. तुझ्यामुळे माझं लग्न मोडेल. तुझ्यामुळे आईबाबांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही. जो तुला नको म्हणतो त्याच्या दारात किती दिवस बसणार? ती रडत नव्हती. साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. मग महिनाभर मी घरी तिच्याशी बोललो नाही. जेवण वाढलं तर न बोलता जेवायचो. पुढच्या तारखेला ती हो म्हणाली.

"हे मला आठवत नव्हतं," मी म्हणालो. ते अर्धंच खरं होतं.

"मला ठाऊक हाय. मी होते तिथं."

"तुला तेव्हा काय हवं होतं?"

तिने पानं एकावर एक जुळवली. "त्याच्याकडं परत जायचं नव्हतं मला. पण मुंबईला जाऊन एकदा विचारायचं होतं त्याला, समोर उभं राहून. माझं काय चुकलं ते. मग दिली असती सोडचिठ्ठी. म्हणून मागितली मुदत."

मी म्हणालो, "बाय, माझं चुकलं. आणि तो कागद पुरात नाही गेला. मी जाळला होता."

तिने माझ्या कपाकडे बघितलं. मग म्हणाली, "चहा निवला तुझा." तिने पानं पिशवीत घातली. स्टँडवर गाडी लागेपर्यंत ती अंगणवाडीतल्या पोरांबद्दल बोलत होती. माफ केलं की नाही, ते तिने सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. तिनेच सोडलं, हट्टी आहे, हे मी कसं रचलं तेही. ती भाजी निवडत होती. हात थांबला तिचा.

"वीस वर्षं मी त्यांच्याशी जपून बोलते," ती म्हणाली. "सगळ्यांत मिसळत नाहीत, फटकळ आहेत असं धरून. तुम्ही मला हे करायला लावलंत."

"तुमच्या घरी कळलं असतं तर…"

"कळलं असतं तर काय झालं असतं ते आता कसं कळणार?" ती उठून आत गेली. दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या फोनमधून नंबर घेतला आणि बहिणीला आपण होऊन फोन केला. काय बोलल्या मला माहीत नाही. गॅलरीचं दार तिने लावून घेतलं होतं.

लग्न नोंदवलं गेलं. आम्ही दोघं गेलो होतो. बहिणीचा नवरा कमी बोलणारा माणूस आहे. त्याने मला वाकून नमस्कार केला, तेव्हा मला दोन पावलं मागे सरावंसं वाटलं. तो वाडीतच राहायला आला, कारण तिला अंगणवाडी सोडायची नव्हती. लोक बोलले. तिने बोलू दिलं.

बातमी शाळेपर्यंत आलीच. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एका सरांनी डबा उघडता उघडता विचारलं, "बहिणीचं लग्न झालं म्हणे, सर? या वयात? पहिलंच का?"

हो म्हणता आलं असतं. जीभ तिकडेच वळत होती.

"दुसरं," मी म्हणालो. "पहिल्या लग्नाचा घटस्फोट झालेला. तिची तयारी नसताना मी घ्यायला लावला होता."

खोलीत पाच-सहा जण होते. विचारणाऱ्या सरांनी भाकरीचा तुकडा तसाच धरला होता. आपण हे आपल्या मनाच्या समाधानासाठीच बोललो की काय, असंही वाटून गेलं. मी डबा न उघडताच तासाची वही घेतली आणि घंटा होण्याआधीच नववीच्या वर्गाकडे निघालो.